पडवीतली जमीन

मैत्रिणींनो, घरात नवीन फरशी घालायची ठरली की आपण पहिल्यांदा काय विचारतो? रंग कोणता घ्यावा, पांढरी की बदामी, आणि पुसायला सोपी जाईल ना! मीही अगदी हेच विचारले होते. खाली काय घालणार, हे विचारायचे मला सुचलेसुद्धा नाही. त्यामुळे एकाच पडवीची जमीन आम्हाला वर्षभरात दोनदा करावी लागली. तुमच्यापैकी कितीजणी घरात घरघंटी, शेवयांचे यंत्र किंवा शिलाईची मोठी यंत्रे बसवायच्या विचारात असतील. कुणाच्या घरी मालकांना मागच्या खोलीत सुतारकामाचे टेबल नाही तर छोटासा लेथ टाकायचा असेल. यंत्राच्या किमतीची चौकशी करण्याआधी आमची ही हकिगत वाचा, म्हणजे झाले.

आम्ही बार्शीचे. २०२१ साली माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान गेले आणि त्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा तेव्हा दहावीत होता. वन्संचा हात मसाल्याला फार चांगला. त्यांचा काळा मसाला आणि शेंगांची चटणी आमच्या आळीत आधीपासूनच नावाजलेली. "वहिनी, बसून खाणं मला जमायचं नाही," असे म्हणून त्यांनी आपल्या चार बांगड्या मोडल्या आणि तीन मुसळांचे विजेवर चालणारे कांडप यंत्र घ्यायचे ठरवले. जागा आमची मागची पडवी. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, खाली जुनी, हलणारी शहाबादी फरशी.

इथे एक सांगते. घरघंटी गोल फिरते, शिलाई यंत्र थरथरते, पण कांडप यंत्र आपटते. लोखंडी मुसळ वर उचलले जाते आणि उखळात पडते, पुन्हा उचलले जाते, पुन्हा पडते, असे दिवसभर. म्हणजे जमिनीवर कोणी घण घालत बसल्यासारखेच. हे सगळे मला आज कळते आहे. त्या वेळी मी बदामी रंगाच्या चकचकीत टाइल्स पसंत करून आले होते!

पहिले गवंडी आले त्यांनी चार दिवसांत काम उरकले. जुन्या फरश्या उचलल्या, खड्डे होते तिथे परसातलीच माती ओढून सारखी केली, वर दोन बोटे माल पसरला आणि टाइल्स बसवल्या. साडेतेरा हजारांत काम झाले म्हणून आम्ही खूश. मार्च २०२२ मध्ये मिरचीचा हंगाम सुरू होता होताच यंत्र बसले. पहिल्या दिवशी सासूबाईंनी हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आणि आळीतल्या बायकांची रांग लागली.

महिना-दीड महिना बरा गेला. एप्रिलच्या अखेरीस यंत्राचा आवाज बदलला. पट्टा सारखा उतरायला लागला. मी म्हटले, यंत्रवाल्याला बोलवा. तो आला, पट्टा ताणला, पैसे घेऊन गेला. दोन दिवसांत पुन्हा तेच. मग ह्यांनी एकदा यंत्राशेजारी ताटभर पाणी ठेवले, तर पाणी एकीकडे गोळा झालेले. मागचा कोपरा चांगला दीड इंच खाली बसला होता! यंत्र कलले आणि एक मुसळ उखळाच्या काठाला घासायला लागले होते. मे महिन्यात एक गिऱ्हाईक बाई डबा परत घेऊन आल्या. "ताई, दाताखाली करकर लागतंय." वन्संनी चिमूटभर मसाला चुंबकापाशी नेला, आणि आमच्या तिघींच्या तोंडचे पाणी पळाले. लोखंडाचा बारीक कीस होता. त्या घाण्याचा सगळा मसाला वन्संनी खड्ड्यात पुरला, ज्यांच्या मिरच्या होत्या त्यांना पैसे भरून दिले आणि यंत्राचे बटण बंद केले. ऐन हंगामात. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. बोलल्याही काही नाहीत, नुसत्या हाताकडे बघत बसल्या होत्या.

एवढ्यावर संपले असे वाटले, पण जुलैत पाऊस लागला आणि दुसरीच गंमत. जो कोपरा खचला होता तो तसाच, पण मोरीकडच्या बाजूच्या टाइल्स वर उचलल्या गेल्या! मध्ये फुगवटा आणि लांबच लांब तडा. एकच जमीन एकीकडे खाली जाते आणि दुसरीकडे वर येते, हे कोडे काही उलगडेना.

ते उलगडले आमच्या शाळेच्या कुंपणभिंतीचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गवंड्यांमुळे. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथेच त्यांना गाठले. मामा घरी आले, टाइल्सकडे बघितलेसुद्धा नाही. पहार मागितली, कडेची एक टाइल उचकटली आणि खालची ओली माती मुठीत घेऊन तिची वेटोळी करायला लागले. ती साबणासारखी वळली. तुटेना. "बाई, ही पेरायची माती आहे, हिच्यावर तुम्ही कारखाना मांडलात. तुम्ही शाळेत काय शिकवता?"

आता काय सांगणार! मी मराठी आणि भूगोल शिकवते. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात, हे दर वर्षी मी फळ्यावर लिहून देते. परीक्षेत 'कारणे द्या' म्हणून विचारतेसुद्धा. पण आपल्या पडवीखाली तीच माती आहे आणि ती पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच वागणार, हे माझ्या डोक्यात आले नाही.

सासूबाई दारात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, गाव पांढरीत असतं आणि शेत काळीत. आपली ही वसाहत सगळी काळीतच बसलीय. इथं ज्वारी होती, मी पाहिलीय." खरेच आहे. खेड्यात गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. आपण शहरवाले मात्र शेताचे प्लॉट पडले की पायाखाली काय आहे हे विसरून जातो. मग घराच्या भिंतींना का काही झाले नाही? कारण भिंतींचा पाया खोल जाऊन कठीण थरावर टेकलेला असतो. पडवीची, खोलीची जमीन मात्र नुसती मातीवर पसरलेली असते.

तेव्हा दोन रोग वेगवेगळे होते. कोपरा खचला तो सैल मातीच्या भरावामुळे. ती न ठोकलेली माती यंत्राच्या दणक्यांनी दबत गेली. आणि मोरीकडची बाजू फुगली ती पाण्यामुळे. आमच्या मोरीचे सांडपाणी भिंतीलगतच्या उघड्या चरातून जाते, त्यात छपराचे पावसाचे पाणीही तिथेच पडते. मामा म्हणाले, "काळी माती सगळी काढायची म्हटली तर विहीर होईल. पण वरची काढू, आणि खालचीला पाणी लागू द्यायचं नाही. तिची तहान एकसारखी राहिली की ती हलत नाही." म्हणून जमिनीला हात लावण्याआधी त्यांनी मोरीचा चर बंद करून पाइप घातला, छपराला पन्हळ लावून पाणी रस्त्याच्या गटारापर्यंत नेले आणि पडवीच्या बाहेरून तीन फूट रुंद उताराची फरसबंदी करून घेतली. जमिनीचे काम बाहेरून सुरू होते हे मला तेव्हा कळले.

दुसरे काम नाताळच्या सुट्टीत काढले, म्हणजे मला घरी थांबता येईल. गवंड्यावर लक्ष ठेवायला म्हणून नव्हे हं, मला आता खरोखर बघायचे होते. पडवी दीड फूट खणली. एकशे वीस चौरस फुटांची जागा, पण माती निघाली दोन ब्रासच्या वर, कारण खणलेली माती सैल होऊन वाढते. ती सगळी बाहेर टाकली. मामांनी तिच्यातले एक घमेलेसुद्धा परत आत येऊ दिले नाही. (कुंड्यांना मात्र मी दोन पोती ठेवून घेतली. पेरायचीच माती ना!)

मग मुरूम. नऊ इंच मुरूम भरायचा, पण एकदम नाही, तीन तीन इंचांच्या थरांनी. प्रत्येक थरावर पाणी मारायचे, मुरूम चिखल होईल इतके नव्हे, मुठीत दाबला तर गोळा होईल इतके, आणि मग धुमसाने ठोकायचे. दोन बिगारी बाया आळीपाळीने धुमस चालवत होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "ताई, आवाज ऐका. आधी भद्‌ भद्‌ येतो, मग टणटण यायला लागला की थर झाला." आणि खरेच, तासाभरात आवाज फिरला. सासूबाईंना तर राहवेना. लहानपणी त्यांनी अशाच जमिनी केलेल्या. खणायची, पाणी शिंपडायचे, चोपण्याने चोपायची, वर सारवायचे. आठ आठ दिवस चोपत असू, म्हणाल्या. नव्वद घनफूट भरावाला आम्हाला सव्वा ब्रास मुरूम लागला, कारण ठोकल्यावर तो चौथाईने तरी बसतो. नाही बसला, तर ठोकला नाही असे समजा.

मुरमावर सहा इंचांचे डबर, म्हणजे हाताने रचलेले दगड. ओतलेले नव्हे. दगड उभे लावायचे, रुंद बाजू खाली, आणि मधल्या फटींत चिपा आणि मुरूम ठासायचा. डबरावर बारीक कच पसरून जाड प्लास्टिक अंथरले. जोड एकमेकांवर वीतभर चढवलेले आणि कडा भिंतीला वर वळवलेल्या. हे ओल थोपवण्यासाठी. खाली कच नसता तर दगडाच्या टोकांनी प्लास्टिक फाटलेच असते. त्यावर चार इंच काँक्रीट, एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी. याला चार पोती सिमेंट पुरले.

यंत्राखालची गोष्ट वेगळी. यंत्र जमिनीवर ठेवायचेच नाही, असे मामांनी बजावले. यंत्राला त्याचा स्वतःचा पाया. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच असा सलग काँक्रीटचा ठोकळा, प्रमाण एक, दोन, चार. त्याचे वजन भरते दीड टन. आमचे यंत्र त्याच्या पाचव्या हिश्शाचेही नाही. "दणका खाणारा नेहमी दणका देणाऱ्यापेक्षा जड पाहिजे," हे मामांचे शब्द. (ह्यांनी लगेच माझ्याकडे बघितले!) या ठोकळ्याच्या चारी बाजूंना आणि जमिनीच्या मध्ये अर्धा इंच फट सोडली, तिच्यात वाळू भरली आणि वरून डांबराने बंद केली, म्हणजे यंत्राचा हादरा जमिनीला आणि भिंतीला जात नाही. शेजारच्या काकूंची फडताळातली भांडी पूर्वी वाजायची, ती वाजायची थांबली. ठोकळा जमिनीच्या तीन इंच वर ठेवला, धुण्याचे पाणी यंत्राच्या पायांना लागू नये म्हणून. बोल्ट आधीच पुरायचे असतात. यंत्राच्या पायांची भोके एका फळीवर उतरवून घेतली, त्या फळीत बोल्ट अडकवले आणि मगच काँक्रीट ओतले. अंदाजे बोल्ट पुरले असते तर एखादा हमखास चुकला असता.

वर काय घालायचे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. चकचकीत टाइल्स मी स्वतःच नको म्हटल्या. मसाल्यात तेल असते, पाय घसरतो, आणि जड मुसळ हातून सुटले की टाइल फुटतेच. शहाबादी स्वस्त आणि दणकट, पण तेल पिते आणि जोडांत मिरची बसते. कोटा चांगला, पण बजेटबाहेर. शेवटी साधी सिमेंटची घोटलेली जमीन केली, दोन इंचांची, एक, दोन, चार प्रमाणाची, चार फूट बाय पाच फुटांचे सहा चौकोन पाडून, मध्ये काचेच्या पट्ट्या. सिमेंट वाळताना थोडे आकसतेच. एकच सलग पाट ओतला तर तडा मन मानेल तिथे जातो, चौकोन पाडले की तो पट्टीपाशीच थांबतो. उतार दाराकडे, दहा फुटांना सव्वा इंच.

या वरच्या थरात कामवाले दोन गोष्टी हमखास करतात, त्या तेवढ्या करू देऊ नका. एक, माल पातळ हवा म्हणून पाणी ओतत राहतात. एका पोत्याला २५ ते २८ लिटर पाणी पुरे, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पाणी जास्त झाले की जमीन पुढे वर्षानुवर्षे भुकटी सोडते. आपण झाडतो आणि म्हणतो, एवढी धूळ येते कुठून! दुसरी, लवकर गुळगुळीत व्हावे म्हणून वर कोरडे सिमेंट शिंपडून घोटतात. दिसते छान, पण त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. थांबायचे, वर आलेले पाणी आपोआप आटू द्यायचे, मग घोटायचे. आणि वाळू-खडी मोजायला घमेली नकोत, सव्वा घनफुटाचा फर्मा मागा. एका पोत्यातले सिमेंट बरोबर तेवढे भरते.

सिमेंटच्या पोत्यावर ते कोणत्या आठवड्यात तयार झाले ते छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने घेऊ नका. पोत्यात हात घातला की गार लागले पाहिजे, आत गुठळ्या नकोत. वाळूसाठी आपली स्वयंपाकघरातली परीक्षा पुरते. काचेच्या ग्लासात मूठभर वाळू आणि पाणी घालून ढवळून ठेवा. तासाभराने वाळूवर मातीचा जाड थर बसला तर ती गाडी परत पाठवा. मी एक पाठवली. गाडीवाला रागावला, पण दुसरी आणली.

घोटाई १६ जानेवारीला झाली. त्यानंतरचे काम सर्वस्वी आपल्या बायकांचे! मातीची आळी घालून जमिनीवर पाणी साठवायचे आणि ते चौदा दिवस आटू द्यायचे नाही. सकाळी मी, दुपारी सासूबाई, संध्याकाळी वन्सं. रात्री भाचा अभ्यासातून उठून एक बादली ओतायचा. काम झाले की कंत्राटदार जातो आणि पाणी मारायचे राहून जाते, मग चांगल्या मालाची माती होते. सिमेंट हवेने वाळून घट्ट होत नाही, पाण्यानेच होते. यंत्र तर त्याहून उशिरा चढवायचे. आम्ही १४ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या वर थांबलो. वन्संचा जीव खालीवर होत होता, बाजारात मिरची यायला लागली होती, पण मामांनी निक्षून सांगितले होते.

खर्च एकोणचाळीस हजार आला. ठोकळा, बाहेरची फरसबंदी, मातीची वाहतूक सगळे धरून. पहिले साडेतेरा हजार पाण्यात गेले ते वेगळेच. वन्संनी ते पैसे दोन हंगामांत मला मोजून परत दिले. मी नको नको म्हणत होते तरी.

तुमच्या घरी तयार जमीन असेल आणि तिच्यावर यंत्र ठेवायचे असेल, तर आधी दोन गोष्टी करून बघा. काठीने किंवा नाण्याने जमीन ठिकठिकाणी ठोकत जा, जिथे पोकळ आवाज येईल तिथे खुणा करा. आणि दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा. उचलल्यावर आतून दव जमलेले दिसले तर खालून ओल येते आहे. ही परीक्षा पावसाळ्यातच घ्यायची. उन्हाळ्यात सगळ्याच जमिनी गुणी असतात.

आमच्या जमिनीने त्यानंतर तीन पावसाळे पाहिले. ठोकळ्यावर यंत्र आहे तिथेच आहे, आणि वन्सं अजून रोज पहिल्या घाण्याचा चिमूटभर मसाला चुंबकाने तपासतात. सवयच झाली आहे. एक चूक मात्र आमच्याकडून राहून गेली. काँक्रीट ओतण्यापूर्वी विजेच्या तारेसाठी जमिनीतून पाइप टाकून घ्यायला हवा होता, तो सगळेच विसरले. तुम्ही विसरू नका, आणि अर्थिंग वेगळे घ्या, कारण जमीन धुताना आपले पाय ओले असतात. आमची तार भिंतीवरून फिरवून वरून आणली आहे. वन्सं तिच्यावर हात पुसायचे फडके वाळत घालतात आणि मी रोज ओरडते.